तलफ आणि तृष्णा
(प्लेनो येथील कौटुंबिक मेळाव्यातील भाषण)



भंडारा-गोंदियाकडील वस्त्यांत आमच्या आज्यांनी तेंदूच्या पानांत तंबाखू भरून विड्या वळल्या आणि त्या मजुरीवर मुले शिकविली. त्या शिक्षणाच्या बळावर आम्ही प्लेनोला आलो आणि गॅरेजमागे उभे राहून सिगारेट ओढू लागलो, याची आम्हांस खंत वाटते. आम्ही काहींनी ती सोडली. पण खरी कसोटी सोडल्यानंतरच लागते.

वेदनेतून तृष्णा आणि तृष्णेतून आसक्ती उपजते, अशी तथागतांची शिकवण आहे. तलफ ही आरंभी केवळ वेदना असते. पहिले दोन-तीन दिवस ती तीव्र असते. तीन-चार आठवड्यांत बहुधा ओसरते. तिचा प्रत्येक उमाळा काही मिनिटांचाच असतो. तेवढा वेळ श्वासाकडे पाहावे, पाणी प्यावे, बडीशेप चघळावी. चहाबरोबर तलफ येत असेल, तर चहाची वेळ व जागा बदलावी. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनची पट्टी घेण्यातही कमीपणा नाही.

एखादे वेळी तोल गेला, तर निर्धार संपला असे मानू नये. त्याच दिवशी पुन्हा आरंभ करावा. घरच्यांनी टोमणे न मारता सोबत करावी.

१९५६ साली नागपुरास बाबासाहेबांनी मद्य न पिण्याची प्रतिज्ञा दिली. तिचा आशय या धुरालाही लागू आहे, असे आम्ही मानतो. आज्यांच्या कष्टांचे ऋण आम्ही असेच फेडू.

नमो बुद्धाय! जयभीम!