काचेतला माणूस ऐकत होता



गेल्या महिन्यात आम्ही गावातल्या शाळेच्या गॅदरिंगसाठी मुलांचा 'आदिवासी नाच' बसवत होतो. कमरेला आंब्याची पानं, तोंडाला काजळ, हातात पुठ्ठ्याचा भाला. तालीम बघायला आलेली एक आई म्हणाली, "ताई, आम्ही ठाकर. आमच्यात पानं कोण नेसतं?" आम्ही गप्पच झालो. म्हणून आज जेम्स लूना यांची गोष्ट सांगतो.

लूना अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचे, लुइसेन्यो या मूळनिवासी समाजातले. हे नावसुद्धा बाहेरून आलेलं. स्पॅनिश लोकांनी 1798 साली तिथे सान लुईस रे नावाचं मिशन उभारलं, त्यावरून ते पडलं. त्यांचं स्वतःचं नाव पायोमकाविचुम. जमीन गेली, नाव बदललं, आणि पुढे त्यांच्यासारख्यांच्या वस्तू म्युझियममध्ये काचेआड मांडल्या गेल्या, जणू ही माणसं केव्हाच संपली!

1987 साली सॅन डिएगोच्या म्युझियममध्ये लूना स्वतःच काचेच्या पेटीत वाळूवर झोपले. अंगावर फक्त लंगोटी. बाजूला पाट्या, म्युझियममध्ये असतात तशाच. पण त्यांवर लिहिलं होतं त्यांच्या अंगावरच्या व्रणांबद्दल: हा दारूच्या नशेत शेकोटीत पडल्याचा, तो मारामारीतला. शेजारच्या पेट्यांत एकीकडे त्यांच्या वस्तीत आजही वापरात असलेल्या पूजाविधीच्या वस्तू, दुसरीकडे त्यांचं कॉलेजचं प्रमाणपत्र, आवडत्या गाण्यांच्या कॅसेट आणि घटस्फोटाचे कागद.

लोक यायचे, वाकून बघायचे, त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल बोलायचे. मग कुणाच्या तरी लक्षात यायचं, छाती वरखाली होतेय. हा जिवंत आहे. हा आपलं सगळं ऐकतोय.

आम्हाला त्या कॅसेटचं फार वाटलं. काचेआड मांडलेल्या माणसाला आवडतं गाणं असेल, त्याचा संसार मोडला असेल, हे कुणाच्या मनात येतं? पुढे 1991 मध्ये त्यांनी लोकांना बोलावलं, 'खऱ्या इंडियनसोबत फोटो काढा.' ते कधी लंगोटीत उभे राहायचे, कधी नाचाच्या साजात, कधी साध्या शर्ट-पँटमध्ये. कुणाशेजारी उभं राहायचं, ते बघणाऱ्यानं निवडायचं. निवड केली की बघणाऱ्याचंच मन उघडं पडायचं.

2018 साली लूना गेले. त्या म्युझियमचं जुनं नाव होतं 'मानवाचं म्युझियम'. 2020 मध्ये ते बदलून 'आपलं म्युझियम' असं केलं.

आणि आमचं गॅदरिंग? पानं आम्ही उतरवली. मुलांची माफी मागणं सोपं होतं, त्या आईची मागताना जीभ जड झाली. ती म्हणाली, "आमचा नाच शिकवीन की. पण आधी पोरीला विचारा." पोरीला विचारलं. तिला कोळीगीतावर नाचायचंय, पहिल्या रांगेत.

तालीम रोज संध्याकाळी पाचला असते. मैत्रिणींनो, तुमच्या गावात असा नाच बसत असेल, तर आधी विचारा. ऐकणारं माणूस समोरच असतं.