शोधसूचीचें ताजेपण

संगणकाच्या तबकडीवरील सहस्रावधि लेखांतून एखादा शब्द क्षणार्धांत हुडकणें वाटतें तितकें अद्भुत नाहीं. प्रश्न आल्यावर यंत्र सारे लेख वाचीत बसत नाहीं. तें आधींच वाचून ठेवतें आणि ग्रंथाच्या शेवटीं असते तशी शब्दसूची आपल्या स्मृतींत बाळगतें. पण ग्रंथ छापला कीं बदलत नाहीं. तबकडीवरील लेख घटकेघटकेस बदलतात. कोणी हिशेबांतला आंकडा दुरुस्त करतो, कोणी मृत्युपत्राचा मसुदा पालटतो. सूचीला त्याचा पत्ता नसला तर ती जुनेंच उत्तर ठामपणें देते. आणि उत्तर मुळींच न मिळण्यापेक्षां हें अधिक घातक, कारण विचारणारास संशयच येत नाहीं.

बदल कळावा कसा? ठराविक वेळानें प्रत्येक फाइलीवरील फेरबदलाची वेळ पाहत फिरणें ही एक रीत. फाइली लाखभर असल्या कीं ही पायपीट महाग पडते. दुसरी रीत, यंत्राच्या कारभाऱ्यानेंच वर्दी द्यावी. लिनक्समध्यें 'आयनोटिफाय' ही सोय २००५ सालीं आली. परंतु वर्द्यांची रांग मर्यादित, सामान्यतः १६,३८४ ची. ती भरली कीं पुढील वर्द्या गळतात आणि रांग ओसंडल्याची तेवढी सूचना मिळते. मग सर्व फाइली नव्यानें तपासल्यावांचून गत्यंतर नाहीं. शिवाय पुष्कळ लेखनसाधनें जुन्या फाइलीवर न लिहितां नवी फाइल करून तिला जुनें नांव देतात. जुन्या फाइलीवरच नजर ठेवणारा पहारेकरी मग रिकाम्या घरापुढें उभा! यास्तव पहारा फाइलीवर नव्हे, तिच्या कप्प्यावर बसवावा.

खरी मेख पुढेंच आहे. नवे शब्द सूचींत घालणें सोपें, जुने काढणें अवघड. सूची शब्दावरून लेखाकडे नेते, लेखावरून शब्दांकडे नाहीं. लेखांत पूर्वीं कोणते शब्द होते याचें टिपण नसेल, तर वगळलेला शब्द सूचींत भूतासारखा राहतो. डग कटिंग यांनीं १९९९ सालीं आरंभिलेल्या 'ल्युसीन'नें निराळी तोड काढली: जुन्या लेखावर 'रद्द' अशी खूण करावयाची, नवा लेख लहानशा नव्या तुकड्यांत नोंदावयाचा, आणि सवडीनें तुकडे एकत्र करतांना रद्द नोंदी टाकून द्यावयाच्या.

दुरुस्ती चालू असतां प्रश्न आला तर? अर्धवट सूची दाखविणें बरें नव्हे. म्हणून नवी सूची बाजूस पूर्ण बांधून एका क्षणांत जुनीच्या जागीं ठेवतात. ज्यांची विचारणा आधींच सुरू झाली, त्यांना जुनीच शेवटपर्यंत वापरूं देतात. तोंवर दोहोंची जागा स्मृतींत अडते, हा त्याचा खर्च. ल्युसीनवर आधारलेली 'इलॅस्टिकसर्च' वापरांत असतांना सामान्यतः दर सेकंदास नव्या नोंदी शोधापुढें आणते. सेकंदभर शिळें उत्तर तिनें पत्करलेलें आहे.