परसातील कुदळ

शहरातील गृहस्थाला भाजी म्हटली की मंडई आठवते, हातगाडी आठवते, फार तर भाजीवालीशी झालेली घासाघीस आठवते. त्या भाजीखालची जमीन मात्र सहसा आठवत नाही. ती जमीन कोणी खणली, किती जणांनी खणली आणि कोणाच्या सांगण्यावरून खणली, हा प्रश्न ताटापर्यंत पोचतच नाही. आजच्या भाषणाचा विषय हाच प्रश्न आहे, आणि तो समजावून घेण्यासाठी श्रोत्यांनी क्षणभर धाराशिव जिल्ह्यातील अणदूर ह्या गावी यावयाचे आहे.

अणदूर हे तुळजापूर तालुक्यातील गाव सोलापूरहून हैदराबादेस जाणाऱ्या महामार्गावर, नळदुर्गाच्या पुढे लागते. येथील खंडोबा प्रसिद्ध आहे. अणदूर आणि नळदुर्गाजवळचे मैलारपूर ह्या दोन ठिकाणी देवालये दोन, पण देव एकच! सव्वादहा महिने तो अणदुरास राहतो आणि पावणेदोन महिने मैलारपुरास. दर खेपेस दोन्ही ठिकाणच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो आणि मगच देवाचे स्थलांतर होते. एकाच वस्तूवर अनेकांची माया असली, म्हणजे कोणी केव्हा पुढे व्हावे आणि केव्हा मागे सरावे हे ठरलेले बरे, हा व्यवहार ह्या भागाला देवानेच शिकविला आहे. परसबागेच्या संदर्भातही तो उपयोगी पडतो. कसा, ते पुढे दिसेल.

पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा. परंतु मराठवाड्यात वसंत येतो तो एका हाताने पळस फुलवीत आणि दुसऱ्या हाताने विहिरीचा तळ दाखवीत. फाल्गुनात रब्बीची ज्वारी निघते, कडब्याची गंज लागते, आणि पाडव्याच्या सुमारास शेतकऱ्याच्या घरात चार दिवसांची उसंत मिळते. परसातील जमीन उकरण्याची वेळ ती हीच.

अशा एखाद्या घराचे चित्र श्रोत्यांनी डोळ्यांपुढे आणावे. घरात वृद्ध सासू-सासरे, मुलगा, सून आणि शाळेत जाणारा नातू अशी पाच माणसे. मागच्या अंगणात शेवग्याचे झाड, कढीपत्त्याचे झुडूप, आणि त्यांच्या पलीकडे ३० फूट लांब व २० फूट रुंद असा काळ्या मातीचा तुकडा. वर्षभर त्याची राखण सून करते. बी ती जपते, पाणी ती घालते आणि भाजीही तीच खुडते. इतरांचा त्या बागेशी संबंध जेवणाच्या ताटापुरता.

आता थोडे गणित करून पाहावे. ह्या तुकड्याचे क्षेत्र ६०० चौरस फूट. भाजीसाठी जमीन निदान वीतभर, म्हणजे पाऊण फूट, खणावी लागते. तेव्हा हलवावयाची माती झाली ४५० घनफूट. एका घनफुटाचे वजन ३५ किलो धरले, तरी एकूण वजन पावणेसोळा टन भरते! स्वयंपाक, धुणे, गुरे आणि शेत सांभाळून एकट्या स्त्रीने एवढी माती कुदळीने उलथावी, आणि घरातील मंडळींनी दोडक्याच्या भाजीत मीठ कमी पडले म्हणून कुरकुरावे, ह्यात न्याय कोठे राहिला? तेच काम चौघांनी वाटून घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला चार टनांहून कमी माती येते आणि आठ-दहा सकाळींत तुकडा तयार होतो.

काळी जमीन मोठी मानी असते. सुकली की दगडासारखी होते आणि तिला भेगा पडतात. फार भिजली की कुदळीला, फावड्याला आणि पायांना चिकटून बसते. दोहोंच्या मधल्या अवस्थेस शेतकरी वाफसा म्हणतात. म्हणून खणण्यापूर्वी एक-दोन दिवस थोडे पाणी शिंपडून ठेवावे. नंतर मूठभर माती घट्ट दाबून कमरेच्या उंचीवरून खाली टाकावी. गोळा फुटून विखुरला, तर वाफसा आला असे समजावे. तसाच राहिला, तर आणखी एक दिवस थांबावे. ही परीक्षा घराघरांतील म्हातारी माणसे उत्तम जाणतात. ज्या आजोबांना आता कुदळ उचलवत नाही, त्यांना बाजेवर बसवून ठेवण्याऐवजी हा निर्णय त्यांच्याकडे द्यावा. घराच्या कामात आपला उपयोग आहे, ही जाणीव उतारवयात औषधासारखी असते.

खणणे एकाने करावे. दुसऱ्याने मागून हरळी, कुंदा आणि लव्हाळा ह्यांची मुळे वेचावीत, कारण हरळीचा एक तुकडा जरी मातीत राहिला, तरी पावसाळ्यात तिचे राज्य पुन्हा उभे राहते. हे वेचण्याचे काम मुलांचे. त्यात त्यांचे डोळे मोठ्यांपेक्षा तीक्ष्ण असतात, आणि मातीत गांडूळ सापडले की त्यांना शाळेतल्या धड्याहून अधिक गोडी वाटते. एवढ्या तुकड्याला चांगले कुजलेले शेणखत शंभर-सव्वाशे किलो, म्हणजे चार-पाच पोती, पुरे होते. खत ताजे मात्र नसावे, कारण त्याने हुमणीची पैदास होते.

येथवर सारे सोपे आहे. अवघड भाग पुढेच आहे. घरातील कर्त्या पुरुषाने बागेत चार दिवस कुदळ मारली, की पाचव्या दिवशी ती बाग त्याला आपली वाटू लागते आणि तो हुकूम सोडू लागतो. आपल्या चित्रातील घरातही तसेच झाले असे समजावे. सगळा तुकडा खणून झाल्यावर मुलगा म्हणाला, "एवढी जमीन तयार केली, आता सगळ्या तुकड्यात भेंडी आणि गवार लावून टाकू."

सून हळूच म्हणाली, "अहो, खणायला हात पुष्कळ आहेत, पण पाणी द्यायला विहीर एकच आहे. या दिवसांत तिसऱ्या हिश्श्याला पुरेल एवढंच पाणी मिळेल."

"मग बाकीची जमीन खणली कशाला? आमचे श्रम फुकटच गेले म्हणायचे!"

त्यावर सासूबाई म्हणाल्या, "अरे, बाग ती राखते. विहिरीत किती पाणी उरलंय, ते तुझ्यापेक्षा तिला जास्त ठाऊक. तू खणलंस, चांगलं केलंस. काय लावायचं ते तिला ठरवू दे."

सासूबाईंचे बोलणे शेतीच्या दृष्टीनेही बरोबर होते. मोकळी राहिलेली जमीन फुकट जात नाही. वैशाखाच्या उन्हात ती तापते, किडींचे कोष उघडे पडून मरतात, पक्षी ते टिपतात आणि तणांची मुळे वाळतात. तेथील ढेकळे फोडण्याचीही घाई करू नये. पहिल्या पावसाने काळी माती फुगते, सुकताना आक्रसते आणि ढेकळे आपोआप विरघळतात. मग ज्येष्ठ-आषाढात तेथे दोडका, कारले, वांगी, चवळी, अंबाडी ही मंडळी सुखाने नांदतात. उन्हाळ्यात मात्र तिसरा हिस्साच लावावा. त्याला धुण्या-भांड्यांचे सांडपाणी द्यावे आणि झाडांच्या बुडाशी पाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते.

बागेत मदत करणे सोपे आहे. मदत करून मालकी न सांगणे कठीण आहे. ही गोष्ट एका घराची नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हे जिल्हे हादरले. त्यानंतरच्या पुनर्वसनात गावोगावच्या स्त्रिया पुढे आल्या, आणि त्यांच्याबरोबर काम करणारी 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था ह्या भागात रुजली. पुढे लागोपाठच्या दुष्काळांत ह्या स्त्रियांनी घरच्या मंडळींपुढे एक साधी मागणी ठेवली. घरच्या शेतापैकी अर्धा-एक एकर आमच्या विचाराने करू द्या. तेथे आम्ही नगदी पिकाऐवजी घरात खाण्याची धान्ये, कडधान्ये आणि भाज्या थोड्या पाण्यावर पिकवू. शेतात राबणे त्यांना नवे नव्हते. नवे होते ते ठरविणे. ह्या कार्याबद्दल त्या संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पुरस्काराचे मोल कळते.

अडचणीच्या काळात परसबागेने मोठमोठ्या राष्ट्रांनाही हात दिला आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने नागरिकांच्या हाती कुदळ दिली, आणि १९४३ पर्यंत तेथे भाजीच्या छोट्या वाटपी-जमिनींची संख्या सुमारे १४ लाखांवर गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाच्या आहारात रोज निदान ४०० ग्रॅम फळे व भाज्या असाव्यात. पाच माणसांच्या घराला हे रोजचे दोन किलो झाले. बाजारातून एवढी भाजी रोज आणणे किती घरांना परवडते, आणि न परवडल्यास प्रथम कोणाच्या ताटातील भाजी कमी होते, ह्याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या स्वयंपाकघरात डोकावून द्यावे.

शहरातील श्रोत्यांपाशी परस नसेल, पण गच्ची असेल, सज्जा असेल, दोन कुंड्या असतील. तेही नसेल, तर घरातील असे एखादे काम असेलच की जे एकटी स्त्री वर्षानुवर्षे ओढीत आली आहे. त्या कामाला घरच्यांनी हात लावावा, आणि हात लावताना, "काय करू?" एवढेच विचारावे.

अणदूरच्या खंडोबाच्या पालखीपुढे करार आधी होतो आणि मग भंडारा उधळला जातो. परसबागेतही तसेच असावे. कोणी खणायचे, कोणी वेचायचे, कोणत्या वारी कोणी पाणी घालायचे हे आधी ठरावे; आणि काय पेरायचे, हा मान जी बाग राखते तिचा असावा. मग आषाढात वेलावरचा पहिला दोडका ताटात येईल, तेव्हा त्यात मीठ थोडे कमी पडले तरी कोणी कुरकुरणार नाही. पावणेसोळा टन मातीची आठवण प्रत्येकाच्या तळहातावर असेल.