लिहिणाऱ्याच्या बाजूने संकेतस्थळ

एखाद्या संस्थेचं संकेतस्थळ आपण उघडतो तेव्हा रंग, अक्षरं, छायाचित्रं सगळं जागच्या जागी दिसतं. पण तिथली प्रत्येक सूचना, प्रत्येक वृत्तान्त कोणीतरी आत बसून लिहिलेला असतो. पासवर्ड टाकून उघडायच्या या आतल्या भागाला डॅशबोर्ड म्हणतात. बाहेरच्या सजावटीवर बैठकांमागून बैठका होतात आणि डॅशबोर्ड मात्र आला तसा स्वीकारला जातो. ज्यांना तिथे रोज काम करायचं असतं, त्यांना कोणी काही विचारत नाही. हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या वाचनालयाचं बघा. ग्रंथपालबाई नव्या पुस्तकांची यादी टाकायला बसल्या आहेत. वाचकाला दिसणारं पान ‘मुक्त’ या टंकात आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला हा देखणा, मोफत मिळणारा टंक. बाईंच्या पडद्यावर मात्र तो नाहीच. हे संकेतस्थळ वर्डप्रेस या प्रणालीवर चालतं आणि तिचा डॅशबोर्ड 2016 सालच्या 4.6 या आवृत्तीपासून ज्या त्या संगणकातलेच टंक वापरतो. म्हणजे विंडोजवर देवनागरी बहुधा ‘निर्मला’ टंकात उमटते. अक्षरांची रुंदी वेगळी, ओळींमधलं अंतर वेगळं. रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या चौकटीत ‘कीर्ती’ लिहावं, तर कधी कधी वरचा रफारच कापला जातो. शिवाय लिहायची जागा ऐसपैस. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक एका ओळीत नीट बसावेत म्हणून बाई मधे स्पेस देतात, एंटर मारतात. आत सगळं सुबक दिसतं. मोबाइलवर उघडावं, तर लेखकाचं आडनाव खालच्या ओळीत एकटं पडलेलं. मग पूर्वावलोकन, पुन्हा दुरुस्ती, पुन्हा पूर्वावलोकन. यात बाईंचा काही दोष नाही. पान कसं दिसणार हे त्यांना कोणी दाखवलेलंच नाही.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. वर्डप्रेसच्या 2010 मधल्या 3.0 आवृत्तीपासून थीम, म्हणजे संकेतस्थळाचं रूप, बनवणाऱ्याला एडिटरसाठी, म्हणजे लिहायच्या जागेसाठी, शैलीची वेगळी फाइल जोडता येते. तीत पानाचाच टंक, पानाचीच रुंदी, मथळ्यांचे तेच आकार लिहिले की आत टाइप केलेला मजकूर बाहेरच्यासारखा दिसू लागतो. 2018 च्या डिसेंबरात 5.0 आवृत्तीबरोबर मजकूर तुकड्यातुकड्यांनी मांडणारा नवा ब्लॉक एडिटर आला. पुढे 2021 मध्ये 5.8 आवृत्तीने ‘थीम डॉट जेसन’ नावाच्या एका फाइलची सोय केली. रंग, टंकांचे आकार, मजकुराची रुंदी या फाइलमध्ये एकदाच नोंदवायची. वाचकाचं पान आणि लिहिणाऱ्याचा एडिटर दोन्ही तिथूनच वाचतात. रंग बदलायचा झाला तर एकाच जागी बदलावा लागतो. जाणत्या माणसासाठी हे फार मोठं काम नाही. ते राहून जातं, कारण काम सोपवताना कोणी मागतच नाही.

मात्र एक सांगायला हवं. सारखेपणा लिहायच्या जागेपुरताच असावा. डावीकडची यादी, जतन करायचं आणि प्रकाशित करायचं बटण, खोडायची सोय या गोष्टी बाहेरच्या पानात मिसळून गेल्या तर आपण वाचकाच्या बाजूला आहोत की लिहिणाऱ्याच्या, हेच कळेनासं होतं. अशा वेळी चुकून भलतंच पान प्रकाशित होऊ शकतं. संस्थेचं बोधचिन्ह, एखादा ओळखीचा रंग डॅशबोर्डवर जरूर असावा. बटणं मात्र ठळक आणि नेहमीच्याच जागी हवीत.

आणि भाषेचं काय? संकेतस्थळ पूर्ण मराठी आणि डॅशबोर्ड इंग्रजी, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. वाचकाशी मराठीत बोलणाऱ्या संस्थेने आपल्याच माणसाला इंग्रजी बटणांत का अडकवावं? वर्डप्रेस मराठीत उपलब्ध आहे. 2016 च्या अखेरीस आलेल्या 4.7 आवृत्तीपासून प्रत्येकाला आपल्या प्रोफाइलमध्ये डॅशबोर्डची भाषा स्वतः निवडता येते. मराठीचा संच तेवढा बसवलेला हवा. आपल्या मजकुराला रोज हात लावणाऱ्या माणसासाठी एवढं तर करायलाच हवं.

तेव्हा तुमच्या वाचनालयाचं, शाळेचं किंवा मंडळाचं संकेतस्थळ नव्याने होणार असेल, तर मुखपृष्ठ पसंत करण्याआधी डॅशबोर्ड दाखवायला सांगा. मजकूर जी व्यक्ती भरणार आहे तिलाच खुर्चीत बसवा, एक जोडाक्षरांनी भरलेला मराठी परिच्छेद टाइप करू द्या आणि तोच परिच्छेद मोबाइलवर उघडून बघा. दोन्हीकडे तो सारखा दिसत नसेल, तर काम पुरं झालं म्हणून सही करू नका.