गोळीच्या पोटात काय आहे



अध्यक्षानं वर्षभराचा आढावा घ्यावा अशी आपली पद्धत आहे. सचिवांच्या अहवालात तो नीट आला आहे, म्हणून माझा सगळा वेळ मी एकाच विषयाला देतो. विषय आहे मधुमेहाची ‘कॉम्बिनेशन’ची गोळी, म्हणजे दोन किंवा तीन औषधं एकत्र दाबून केलेली, दिसायला एक असणारी गोळी. इथल्या प्रत्येक डॉक्टरनं ती कालसुद्धा लिहिली असेल आणि प्रत्येक दुकानदारानं विकली असेल. सभागृहातल्या अनेकांनी तर ती आज सकाळी नाश्त्याबरोबर घेतलीही असेल.

आयसीएमआर-इंडियाब या पाहणीचे देशभराचे आकडे २०२३ साली आले. भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. यांतल्या फार थोड्यांना मधुमेहतज्ज्ञ भेटतो. बाकीच्यांचा डॉक्टर म्हणजे तुम्ही-आम्ही, आणि आपल्या पाठोपाठ कोपऱ्यावरचा केमिस्ट. या सगळ्यांच्या हातात आज मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईडची जोडगोळी आहे. त्यांत तिसरं वोग्लिबोज किंवा पायोग्लिटाझोन घातलेल्या गोळ्याही आहेत. विल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ च्या अखेरीस संपलं, डॅपाग्लिफ्लोझिनचं २०२० मध्ये, सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये. भाव उतरले आणि ही औषधंही जोडीनं, तिकडीनं खेड्यापर्यंत आली. महागडी म्हणून जी लिहिताना हात आखडत होता, ती आज ऊसतोड कामगाराला देता येतात. याचा मला मनापासून आनंद आहे.

संयुक्त गोळीला माझा विरोध आहे असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. चार गोळ्या घ्यायच्या असल्या की दोन राहून जातात, हे आपण रोज पाहतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हेरिफाय’ चाचणीत, मधुमेह नुकताच सापडलेल्या रुग्णांना सुरुवातीपासूनच मेटफॉर्मिन आणि विल्डाग्लिप्टिन दोन्ही दिली, तेव्हा त्यांची साखर पाच वर्षांच्या पाहणीत एकेक पायरी चढत जाणाऱ्या उपचारापेक्षा जास्त काळ आटोक्यात राहिली. एकत्र औषध देण्यामागे शास्त्र आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की गोळी एक झाली म्हणून आतली औषधं एक होत नाहीत. प्रत्येकाचा डोस वेगळा, धोका वेगळा, थांबवण्याची वेळ वेगळी. आत काय आहे हे लिहिणाऱ्याला, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, तिघांनाही माहीत असलं पाहिजे. आज ते बहुधा एकालाच माहीत असतं, आणि कधीकधी त्यालाही नसतं.

रुग्णाला विचारा, “कुठली गोळी चालू आहे?” उत्तर येतं, “ती पांढरी, लांबट,” किंवा “एम टू.” या एम टूमधला दोन बहुतेक ब्रँडांत ग्लिमेपिराईडचा असतो, दोन मिलिग्रॅम. मेटफॉर्मिन ५०० आहे हे नावात कुठे येतच नाही. पुढे ‘फोर्ट’ लागलं की तेच मेटफॉर्मिन १००० होतं. एका ब्रँडच्या ‘जीपी’त जी आणि पी मिळून ग्लिमेपिराईड होतं, तर दुसऱ्याच्या ‘पीजी’त पी म्हणजे पायोग्लिटाझोन. एका अक्षराच्या अदलाबदलीनं, हृदय कमजोर असलेल्या माणसाच्या पोटात पाय सुजवणारं औषध जाऊ शकतं. स्ट्रिपवरचा बारीक मजकूर इंग्रजीत, चंदेरी कागदावर. सत्तरीच्या आजींनी तो कसा वाचायचा?

यातून होणारी सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे तेच औषध दोनदा पोटात जाणं. आजींना मुलगा शहरात दाखवून आणतो. तिथली स्ट्रिप संपायच्या आत गावातले डॉक्टर साखर जास्त दिसली म्हणून दुसऱ्या नावाची गोळी लिहितात. जुनी बंद करायची हे कोणी सांगत नाही, आणि नावं वेगळी असल्यामुळे आजी दोन्ही श्रद्धेनं घेतात. दोन्हींत ग्लिमेपिराईड. मग पहाटे दरदरून घाम, हातापायाला थरथर, असंबद्ध बोलणं, आणि घरच्यांना वाटतं अर्धांगाचा झटका आला. अशा आजी माझ्याकडे रिक्षातून आल्या आहेत, तुमच्याकडेही आल्या असतील. साखर मोजल्याशिवाय बेशुद्ध मधुमेही रुग्णाला पुढे पाठवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

इथे थोडा थांबतो, कारण साखर उतरण्याचा धोका आपण फार हलका घेतो. मेटफॉर्मिन, ग्लिप्टिन, डॅपाग्लिफ्लोझिन ही औषधं एकटी असताना साखर धोक्याच्या पातळीपर्यंत सहसा नेत नाहीत. ग्लिमेपिराईड नेतं. ते स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं आणि तुम्ही जेवलात की नाही हे पाहत नाही. ग्लुकोज दिल्यावर रुग्ण उठून बसतो, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि घरी नेतात. पण गोळीचा असर संपलेला नसतो आणि काही तासांनी साखर पुन्हा घसरते. किडनी कमजोर असेल तर हा असर आणखी लांबतो. अशा रुग्णाला निदान चोवीस तास नजरेखाली ठेवलं पाहिजे आणि साखर पुन्हापुन्हा मोजली पाहिजे.

आणि हे तर घराघरांत माहीत हवं: तिहेरी गोळीत वोग्लिबोज असेल, तर साखर उतरल्यावर चमचाभर साखर किंवा गुळाचा खडा तोंडात टाकून लवकर आराम पडत नाही. आतड्यात घरच्या साखरेचं विघटन लांबवणं, हेच वोग्लिबोजचं काम. गोळीतलं एक औषध साखर पाडतं आणि दुसरं औषध तोंडात टाकलेल्या साखरेची वाट अडवतं. अशा वेळी ग्लुकोजच लागतं, केमिस्टकडे मिळणारी साधी ग्लुकोज पावडर, चहाचे तीन-चार चमचे पाण्यातून. पंधरा मिनिटांनी साखर मोजायची, चढली नसेल तर पुन्हा तेवढंच द्यायचं, आणि मग जेवायला घालायचं. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, सरळ दवाखाना गाठा. वोग्लिबोजची गोळी देताना दुकानदारानं ग्लुकोजचा पुडा दाखवून हे सांगावं. त्याला अर्धा मिनिट लागतो. हीच गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची, हेही त्याच अर्ध्या मिनिटात सांगून होतं. जेवण उरकल्यावर घेतली तर त्यातलं वोग्लिबोज वाया जातं.

आपल्याकडे उपासांची वर्षभर रांग असते. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस, मुस्लिम रुग्णांचा रमजान. उपास करू नका, असं सांगून आपण मोकळे होतो आणि रुग्ण मान हलवून उपास करतो. गोळी मात्र नेहमीच्या वेळी घेतो, कारण ती चुकवायची नाही असं आपणच सांगितलेलं असतं. दिवसभर निराहार आणि ग्लिमेपिराईड, मग रात्री साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा. दुपारी साखर पाताळात, रात्री आभाळात. आषाढीच्या वाटेवर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्यालाही रोजचाच डोस जास्त पडतो, कारण चालण्यानंही साखर खर्च होते. सणाच्या आधीच्या भेटीत, “यंदा उपास करणार का?” असं विचारावं आणि त्या दिवसांपुरता बदल कागदावर लिहून द्यावा. साखर पाडणारं औषध गोळीत नसेल तर हा बदल पुष्कळ सोपा होतो. उपासकरी आणि एकटे राहणारे वृद्ध यांना पहिली निवड म्हणून ग्लिमेपिराईडची जोडगोळी देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता मेटफॉर्मिन. १९५७ साली पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी ते प्रथम मधुमेही रुग्णांना दिलं. साठ वर्षांहून जास्त काळ टिकलेलं, स्वस्त, गुणी औषध. त्याच्याच कुळातलं फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल साचवतं म्हणून अमेरिकेत १९७७ साली हटवलं गेलं. आपल्याकडे बंदीला २००३ उजाडलं. मेटफॉर्मिन त्या मानानं फार सुरक्षित आहे, पण किडनी काम करत असेल तोवर. किडनीच्या कामाचा आकडा, म्हणजे ईजीएफआर, ३० च्या खाली गेला की ते बंद. ३० ते ४५ मध्ये नव्यानं सुरू करायचं नाही, चालू असेल तर निम्म्यावर आणायचं. जोडगोळीची अडचण इथेच येते. मेटफॉर्मिन निम्मं करायला गेलो तर जोडीचं औषधही निम्मं होतं. उलट साखर वाढली म्हणून “दोन घ्या” म्हटलं, तर ज्याची गरज नव्हती तेही दुप्पट होतं. म्हणून आधी सुट्या गोळ्यांवर डोस बसवावा आणि त्या मापाची संयुक्त गोळी असेल तरच ती लिहावी. वर्षातून एकदा तरी क्रिएटिनिन करून ईजीएफआर काढावा, किडनी कमजोर असेल तर अधिक वेळा. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्याच्या पायाला मुंग्या येत असतील तर सगळा दोष मधुमेहावर टाकू नये, बी-ट्वेल्व्ह तपासावं. शाकाहारी रुग्णांत तर नक्कीच.

गोळी अर्धी करून खाण्याची सवयही मोडली पाहिजे. कोणी पैसे वाचवायला करतं, कोणी साखर बरी आली म्हणून. नावात ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ असलेल्या गोळीतलं मेटफॉर्मिन हळूहळू सुटावं अशी तिची घडण असते. ती तोडली, कुटली, चावली की ही घडण मोडते. या गोळीचं रिकामं टरफल कधी शौचात दिसतं आणि रुग्ण घाबरून औषध सोडतो. औषध अंगात गेलेलं असतं, हे त्याला आधीच सांगून ठेवावं.

जुलाब-उलट्या लागल्या, तापानं जेवण सुटलं, की मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन दोन्ही थांबवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. ग्लिमेपिराईड असेल तर तेही नेहमीसारखं चालू ठेवता येत नाही. डॅपाग्लिफ्लोझिनच्या कुळातली औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. हृदय आणि किडनी यांना त्यांचा मोठा आधार आहे, पण अंगातलं पाणी आटलं, जेवण सुटलं, तर रक्तात कीटोन आम्ल साचू शकतं, आणि ग्लुकोमीटर मात्र २०० च्या आसपासच दाखवतो. मळमळ, पोटदुखी, धाप असताना “साखर तर ठीक आहे” म्हणून परत पाठवलेला रुग्ण अतिदक्षता विभागात पोचतो. ठरलेल्या ऑपरेशनआधी डॅपाग्लिफ्लोझिन तीन दिवस बंद ठेवायचं असतं. रुग्णानं सर्जनला, “मधुमेहाची एक गोळी आहे,” एवढंच सांगितलं, तर सर्जनला ते कळणार कसं? सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून डाय देतात, तेव्हा मेटफॉर्मिनचा हाच प्रश्न येतो.

दुकानदार मित्रांना एक खास सांगणं. बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल, लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिकं, यांच्याबरोबर ग्लिमेपिराईड असेल तर साखर अचानक उतरू शकते. चिठ्ठीवर ही जोडी दिसली तर डॉक्टरांना फोन करा. आणि डॉक्टरांनो, तो फोन रागानं घेऊ नका.

सरकार लक्ष घालतं, पण सावकाश. पायोग्लिटाझोन जून २०१३ मध्ये थांबवलं गेलं आणि त्याच वर्षी जुलैअखेर मूत्राशयाच्या कर्करोगाच्या इशाऱ्यासह परत आलं. मार्च २०१६ मध्ये, संयुक्त औषधं तपासणाऱ्या कोकाटे समितीच्या अहवालावरून ३४४ संयुक्त औषधांवर बंदी आली. त्यावर न्यायालयात खटले झाले आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर नव्यानं बंदी घालावी लागली. त्या यादीत मधुमेहाच्या तिहेरी गोळ्याही होत्या, ज्या आपण सगळे निःशंकपणे लिहीत होतो. दुकानात मिळते म्हणजे तपासलेलीच असणार, हा भरवसा त्या यादीनं मोडला.

म्हणून अध्यक्षपदावरून मी एक ठराव मांडतो. या जिल्ह्यात लिहिल्या जाणाऱ्या मधुमेहाच्या प्रत्येक संयुक्त गोळीच्या नावाखाली आतली औषधं आणि त्यांचे मिलिग्रॅम डॉक्टरांनी मराठीत लिहावेत. दुकानदारानं पाकिटावर तेच पुन्हा लिहून, जुन्या स्ट्रिपा दाखवायला सांगून मगच नवी द्यावी. आणि रुग्णानं तो कागद खिशात ठेवून प्रत्येक डॉक्टरसमोर, दातांच्या डॉक्टरसमोरसुद्धा, तो उघडावा. यासाठी पैसा लागत नाही आणि कोणाच्या परवानगीचीही गरज नाही. आपण हा ठराव हात वर करून मंजूर करावा आणि सोमवारच्या पहिल्या रुग्णापासून अमलात आणावा, ही माझी विनंती.