मुक्काम एक, फेऱ्या अनेक

आमच्या मालेगावात रेल्वे स्टेशन नाही. आगगाडी पकडायची तर बहुधा आधी मनमाड गाठायचं. म्हणून परदेशात पंधरा-वीस दिवस राहायचं ठरलं, की मालेगावकर आधी विचारतो, ‘खोलीपासून स्टेशन किती लांब?’

प्रश्न रास्त आहे. समजा, दक्षिण स्पेन पाहायचा आहे. मुक्काम सेव्हिलला ठेवावा. १९९२ मध्ये सुरू झालेल्या वेगवान रेल्वेमार्गावर कॉर्दोबा पाऊण तासावर आहे. तिथली आठव्या शतकातली मशीद आज कॅथेड्रल आहे. तिच्या कमानी डोळे भरून पाहून संध्याकाळी परतता येतं. काडिझचा समुद्रही दिवसाच्या फेरीत होतो. ग्रॅनडाचं मात्र तसं नाही. जाण्यायेण्यातच पाच-सहा तास जातात आणि अल्हम्ब्रातल्या नासरी महालांत तिकिटावरच्या वेळेलाच आत सोडतात. तिथे एक रात्र राहावं.

रोज बॅगा बांधल्या, की गुडघे आधी थकतात. आयुष्यात एकदाच निघालेल्या नवरा-बायकोने दर तिसरा-चौथा दिवस कोरा ठेवावा. यंत्रमागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं राहून गेलेलं बोलणं त्या दिवशी होतं.