वळीव आणि जमिनीतली ओल



चैत्र-वैशाखातला वळीव मोठा लहरी. एका शिवारात ओढा वाहवतो, तर बांधापलीकडे धुरळाही बसत नाही. ह्या लहरीपणात जमिनीतल्या ओलीचाही हात असतो. तो कसा, ते आज पाहू.

उन्हाळ्यातले साधे पाणी चुलीवर उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे आठपट उष्णता तेच पाणी वाफ होऊन उडून जायला लागते. म्हणून ओल्या रानावरच्या उन्हाचा मोठा भाग ओल उडवण्यातच खर्ची पडतो. तिथली हवा दमट होते, पण जरा गार राहते. कोरड्या रानात उडवायला ओलच नाही. तिथे बहुतेक आच माती आणि हवा तापवते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. ढगाला तर दोन्ही हवे : वर चढणारी हवा आणि तिच्यात वाफ.

ओली आणि कोरडी जमीन शेजारी असली, की गार हवा कोरड्या भागाकडे सरकते आणि तिथली तापलेली हवा उचलली जाते. आफ्रिकेतल्या साहेल प्रदेशात उपग्रहांच्या मदतीने झालेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. ओल्या पट्ट्यालगतच्या कोरड्या जमिनीवर वादळी ढग अधिक वेळा जन्मतात, असे त्यात दिसले.

मग विहिरीचे पाणी रानात सोडून वळीव बोलावता येईल का? नाही बरं! हा खेळ कित्येक मैलांच्या पट्ट्यांचा. एका एकरावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४० हजार लिटर पाणी. एवढी वाफ मुख्यतः समुद्रावरून येणारे वारेच आणतात. तेव्हा विहिरीचे पाणी पिकालाच राखा.

गुरुजींनी दोन कुंड्यांत सारखी माती भरावी, एकीत पाणी घालावे आणि दोन्ही दुपारी उन्हात ठेवाव्यात. तासाभराने मुलांना मातीला हात लावू द्यावा. धडा त्यांना आपोआप कळेल.

आणि एक. काल शेजारच्या गावी पडला, म्हणून आज आपण सुटलो, असे समजू नका. गडगडाट कानी आला, की उघड्या रानातून पक्क्या घरात या. झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी बाहेर पडू नका. कांदा भिजला तर पुन्हा पिकवता येईल. माणूस गेले तर परत येत नाही.